‘मला हे कळलं नाही’: फ्लॅश मेमरीचा ड्रायव्हर आणि कोड वाचण्याचा इतिहास

आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना जरा रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा. फ्लॅश मेमरी चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे तिच्या ड्रायव्हरला, कुणी बदल सुचवला की तो लगेच स्वीकारला जात नाही. आधी दुसरं कुणीतरी तो ओळीनं वाचतं. या वाचनाला रिव्ह्यू म्हणतात. आणि त्यात एक गोष्ट वारंवार घडते. बदल चालतो, चाचण्या पार पडलेल्या असतात, चूक दाखवता येत नाही. तरीही वाचणारा म्हणतो, ‘मला हे कळलं नाही. नीट लिहून पुन्हा पाठवा.’

पाठवणाऱ्याला राग येतो. येणारच. चालणारी गोष्ट केवळ वाचायला अवघड आहे म्हणून परत का पाठवायची? आज आपण या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. ‘मला कळलं नाही’ हे वाक्य एकेकाळी वाचणाऱ्याचं अज्ञान मानलं जाई. पुढे ते तांत्रिक आक्षेप कसं झालं, आणि फ्लॅश मेमरीच्या बाबतीत त्याला एवढं वजन का आहे, हे आपल्याला समजून घ्यायचं आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू

फ्लॅश मेमरीचा शोध जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ मध्ये त्यांनी तो जाहीरपणे मांडला. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. मेमरीचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं. पहिला प्रकार ‘नॉर’. १९८७ मध्ये तोशिबानंच ‘नँड’ हा दुसरा, जास्त दाट आणि स्वस्त प्रकार मांडला. आज आपल्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, घरातल्या वायफाय राउटरमध्ये जे साठतं ते याच दोन प्रकारांवर.

आता या चिपचा स्वभाव बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पाटीवर आपण एखादं अक्षर पुसून दुसरं लिहू शकतो. फ्लॅशमध्ये तसं नाही. इथे लिहिणं म्हणजे १ चा ० करणं. ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. एका नेहमीच्या नँड चिपमध्ये एक पेज २०४८ बाइटचं, त्याला जोडून ६४ बाइटची राखीव जागा, आणि अशा ६४ पेजेसचा एक ब्लॉक. म्हणजे एक अक्षर बदलायला अख्खी वही कोरी करायची, असा प्रकार.

शिवाय हा ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो झिजतो. वाचताना एखादा बिट उलटा येऊ शकतो, म्हणून चुका दुरुस्त करणारं गणित सोबत ठेवावं लागतं. आणि नवी कोरी चिपसुद्धा काही खराब ब्लॉक घेऊनच कारखान्यातून येते. कुठले ब्लॉक खराब, याची खूण कारखाना त्या राखीव जागेत करून ठेवतो. मेख इथेच आहे. ड्रायव्हरनं चुकून तो ब्लॉक पुसला, तर ती खूणही जाते. ती माहिती दुसरीकडे कुठे नसते, म्हणून पुन्हा मिळवायची सोयही नसते. त्या क्षणी काही बिघडलेलं दिसणार नाही. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी उपकरणातली माहिती नासेल, आणि का नासली हे कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणजे इथली चूक उशिरा दिसते, आणि दिसते तेव्हा तिचा माग लागत नाही. चाचणी आज होते, झीज मात्र काही वर्षांनी येते. चाचणीतून सुटलेली चूक पकडायला मग एकच साधन उरतं. ते म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे.

वाचायची कल्पना कुठून आली

प्रोग्राम मशीननं चालवायचा असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तो माणसानं वाचायचाही असतो, हे मात्र ठासून सांगावं लागलं. १९७१ मध्ये जेराल्ड वाइनबर्ग यांचं प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण प्रोग्राम वाचण्यावर आहे. त्यांचा मुद्दा असा होता, की प्रोग्राम लिहिणारा माणूस त्याला आपलंच अंग समजू लागतो. मग त्यातली चूक दाखवली की त्याला स्वतःवर घाव बसल्यासारखं वाटतं. म्हणून अहंकार बाजूला ठेवून एकमेकांचे प्रोग्राम वाचायची सवय लावली पाहिजे.

पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, आयबीएममधले मायकेल फॅगन यांनी या वाचनाला शिस्त लावली. त्यांच्या पद्धतीला इन्स्पेक्शन म्हणतात. चार-पाच जण बसायचे, प्रत्येकाची भूमिका ठरलेली, एकजण कोड समजावून सांगत पुढे जायचा, बाकीचे चुका शोधायचे. चूक तिथेच दुरुस्त करत बसायचं नाही, फक्त टिपायची. आणि एक महत्त्वाचं पथ्य: या बैठकीत सापडलेल्या चुका वरिष्ठांनी कर्मचाऱ्याची लायकी मोजायला वापरायच्या नाहीत. नाहीतर लोक चुका झाकायला लागतील. साधी गोष्ट आहे, पण आजही अनेक ठिकाणी विसरली जाते.

तरी फॅगन यांच्या बैठकीत शोध चुकांचा होता. कोड बरोबर आहे पण कळत नाही, याला त्यात फारशी जागा नव्हती. ती जागा कशी झाली, हे समजायला त्याच काळातलं दुसरं उदाहरण बघू.

युनिक्समधली एक टिप्पणी

१९७५ ची युनिक्सची सहावी आवृत्ती. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी तिचा गाभा, सुमारे नऊ हजार ओळी, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी सटीप छापून काढला. पुढे अनेक वर्षं त्याच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरत राहिल्या. एखादा प्रोग्राम ग्रंथासारखा टीकेसकट वाचायचा, असं हे पहिल्या ठळक उदाहरणांपैकी एक.

या कोडमध्ये एक टिप्पणी आहे, तिचा आशय असा, की हे तुम्हाला समजेल अशी अपेक्षा नाही. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे नियंत्रण देणाऱ्या भागाजवळ ती लिहिली आहे. संगणकाच्या जगात ही ओळ विनोद म्हणून गाजली. पण पुढे रिची यांनी जे सांगितलं ते विनोदाच्या पलीकडचं आहे. ते म्हणाले, की ही टिप्पणी ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा भावनेनं लिहिली होती. पण खरी अडचण अशी, की तिथे नक्की काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं.

तो कोड पीडीपी-११ या मशीनवर व्यवस्थित चालत होता. का? तर त्या मशीनचा कंपायलर प्रत्येक फंक्शनमधून बाहेर पडताना एकाच ठरावीक पद्धतीनं बाहेर पडायचा, म्हणून. मग युनिक्स दुसऱ्या, इंटरडाटा नावाच्या मशीनवर न्यायची वेळ आली. तिथल्या कंपायलरची पद्धत फंक्शनगणिक बदलत होती. तेव्हा लक्षात आलं, की मुळातली रचनाच चुकीची होती, पीडीपी-११ वर ती योगायोगानं चालत होती.

इथे थांबून विचार करा. ‘कळत नाही’ ही भावना त्या कोडबद्दलची खरी माहिती होती. न कळण्यामागे एक दडलेलं गृहीतक होतं, आणि मशीन बदलल्यावर तेच उघडं पडलं. आमच्या मते आजच्या विषयाचं सार यात आहे. वाचणाऱ्याला कळलं नाही, याचा अर्थ दरवेळी तो कमी पडला असा होत नाही. कित्येकदा लिहिणाऱ्यानं एखादी गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती सांगितलेली नसते.

आपल्याकडे मोडीचा अनुभव आहेच. मोडी झरझर लिहिण्यासाठी होती. ऱ्हस्व-दीर्घ नाही, हात फारसा उचलायचा नाही. लिहिणाऱ्या कारकुनाची सोय झाली, आणि त्या काळी वाचणारा शेजारच्याच फडात बसलेला असल्यानं अडलंही नाही. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल वाचणारे मोजके. लिहिणाऱ्याचा वाचलेला वेळ वाचणाऱ्याच्या खात्यावर चढतो, हा हिशोब कोडलाही लागू पडतो.

लिनक्समधला नँड: तर्कावर चाललेला संसार

आता पुन्हा फ्लॅशकडे येऊ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिनक्स छोट्या उपकरणांत शिरू लागला. १९९९ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीनं फ्लॅशसाठी खास फाइल सिस्टिम आणली, जेएफएफएस. २००१ मध्ये रेड हॅटमध्ये असलेल्या डेव्हिड वुडहाउस यांनी तिची दुसरी आवृत्ती केली. फ्लॅशसाठीचा लिनक्समधला एकत्रित विभाग, ज्याला एमटीडी म्हणतात, तोही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे.

नँड चिपशी बोलायची भाषा आकड्यांची आहे. ब्लॉक पुसायचा तर हेक्झाडेसिमलमधला ६० हा आकडा पाठवायचा, मग पत्ता, मग डी०. नंतर चिप मोकळी होईपर्यंत थांबायचं, आणि ७० पाठवून विचारायचं, ‘झालं का नीट?’ उत्तरातला सगळ्यात खालचा बिट १ असेल तर काम फसलं. सातवा बिट १ असेल तर चिप मोकळी आहे.

जुन्या रचनेत हे काम दोघांत वाटलेलं होतं. वर सामायिक गाभा, खाली प्रत्येक कंट्रोलरचा आपापला ड्रायव्हर. गाभा ड्रायव्हरला एक आदेश द्यायचा, मग वेगळ्या हाकेनं माहिती वाचायला किंवा लिहायला सांगायचा, मग वेगळ्या हाकेनं थांबायला. ज्या काळात कंट्रोलर साधे होते, सांगितलेला आकडा तारेवर टाकायचा एवढंच करायचे, त्या काळात हे चाललं. पुढे कंट्रोलर हुशार झाले. त्यांना आदेश, पत्ता, माहिती, थांबणं असं सगळं काम एकदम हवं असायचं. पण गाभा तर तुकड्यातुकड्यांत सांगत होता. मग ड्रायव्हर लिहिणारे काय करू लागले? तर्क. हा आदेश आलाय म्हणजे पुढे बहुधा एवढे बाइट मागतील, असं धरून कोड लिहिला जाऊ लागला.

त्याचा परिणाम बघा. एखादा नवा माणूस असा ड्रायव्हर वाचायला घेई, तेव्हा त्याला पानभर पर्याय दिसत: हा आदेश आला तर असं कर, तो आला तर तसं. का, ते कुठेच लिहिलेलं नसे, कारण ते ‘का’ दुसऱ्याच फाइलमध्ये, गाभ्याच्या वागण्यात होतं. आणि गाभ्यात कुणी एखाद्या उत्पादकाच्या चिपसाठी नवा आदेश घातला, की खालचे तर्कावर चालणारे ड्रायव्हर तो ओळखत नसत. गाभ्याला हात लावायची लोकांना भीती वाटू लागली. वाचता न येणाऱ्या कोडची ही खरी किंमत आहे: लोक तो बदलायचं टाळतात.

२०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१६ या आवृत्तीत यावर उपाय आला. फ्रान्समधल्या बूटलिन कंपनीत त्या वेळी असलेले बोरिस ब्रेझियाँ आणि मिकेल रेनाल यांनी एक्झेक-ऑप नावाची नवी रचना आणली. आता गाभा ड्रायव्हरला संपूर्ण कामाची यादी देतो: हा आदेश, हा पत्ता, इतके बाइट घ्या, मोकळी होईपर्यंत थांबा. ड्रायव्हरनं एकतर ते काम करायचं, नाहीतर हे मला जमत नाही असं स्वच्छ सांगायचं. तर्क करायचा नाही.

वरवर बघता हा रचनेतला बदल आहे. पण आपल्या विषयाच्या अंगानं बघितलं तर तो वाचनीयतेचा बदल आहे. जी गोष्ट पूर्वी जाणकारांच्या डोक्यात होती, ती आता कोडमध्ये लिहिलेली दिसते. आणि म्हणून रिव्ह्यू करणाऱ्याला ती तपासता येते.

रिव्ह्यू करणारा नक्की काय वाचतो

काही उदाहरणं घेऊ. पहिलं, आकडे. बदलात नुसता ६० आणि डी० असेल, तर वाचणारा म्हणेल की यांना ठरलेली नावं आहेत, ती वापरा. हा टापटिपीचा सोस नाही. नँडमध्ये लिहिण्याचा आदेश ८० नं सुरू होतो आणि १० नं पक्का होतो. आकडे सारखेच दिसतात, परिणाम मात्र टोकाचे. ‘पुसा’ असं नाव समोर असेल तर वाचणारा आपोआप विचारतो, ‘पुसण्याआधी हा ब्लॉक खराब नाही ना, ते बघितलं का?’ ६० हा आकडा बघून तो प्रश्न सुचत नाही.

दुसरं, परत येणारं उत्तर. लिनक्समध्ये फ्लॅश वाचल्यावर दोन वेगळ्या प्रकारची वाईट बातमी येऊ शकते. एक, बिट उलटले होते, पण दुरुस्त झाले. माहिती शाबूत आहे, फक्त आता ती दुसरीकडे हलवा. दुसरी, दुरुस्ती झाली नाही, माहिती गेली. दोन्ही ऋण आकडेच. कुणी ‘शून्यापेक्षा कमी म्हणजे बिघाड’ असं सरसकट लिहिलं, तर शाबूत माहितीही गेली असं समजून फेकली जाईल. यासाठी २०११ च्या सुमारास एमटीडीमध्ये छोटी फंक्शनं आली, ज्यांची नावंच सांगतात: हा केवळ उलटलेला बिट आहे का, की दुरुस्तीपलीकडची चूक आहे. काम तेच, फक्त प्रश्न शब्दांत लिहिला. पण त्यानंतर विसरायची सोय कमी झाली.

तिसरं, थांबण्याचा काळ. कोडमध्ये ‘इतके मायक्रोसेकंद थांबा’ एवढंच असेल, तर रिव्ह्यू करणारा विचारतो, ‘हा आकडा कुठून आला?’ चिपच्या माहितीपत्रकातून, की करून बघताना जमला म्हणून? दोन्ही चालेल, पण कोणतं ते लिहा. कारण पुढच्या वर्षी दुसरी चिप बसवणाऱ्याला तेच जाणून घ्यायचं असणार.

चौथं, एका बदलात एकच गोष्ट. नावं बदलणं आणि वागणूक बदलणं एकाच पॅचमध्ये आलं, की दोनशे सोज्वळ ओळींत एक घातक ओळ लपते.

एक मंगळावरचं उदाहरण

२००४ च्या जानेवारीत नासाचं स्पिरिट यान मंगळावर उतरलं. १८ व्या मंगळदिवशी, २१ जानेवारीला, ते धड बोलेनासं झालं. ते पुन्हा पुन्हा स्वतःला बंद-चालू करत होतं, झोपत नव्हतं, बॅटरी उतरत होती. कारण होतं फ्लॅशवरची फाइल सिस्टिम. प्रवासात आणि उतरल्यावर साठलेल्या फायलींची यादी ती चालू मेमरीत आणायची, आणि मेमरी पुरेना.

तपासात दोन सेटिंगं चुकीची निघाली. एकामुळे फाइल सिस्टिमला हवी तेवढी मेमरी घ्यायची मुभा होती. दुसऱ्यामुळे मेमरी संपल्यावर ‘नाही’ असं उत्तर येण्याऐवजी मागणारं कामच गोठत होतं. अभियंत्यांनी फ्लॅशकडे न बघता सुरू व्हायचा आदेश यानाला पाठवला, आणि पुढे फ्लॅश पुसून नव्यानं मांडली. यान वाचलं, पुढे अनेक वर्षं चाललं.

इथला धडा नीट घ्यायला हवा. कोड छान लिहिला असता तर हे झालंच नसतं, असं आम्ही म्हणणार नाही. पण या सेटिंगांचा परिणाम त्यांच्या जागी बसून दिसत नव्हता. ‘संपलं तर काय?’ हा प्रश्न वाचणाऱ्याला सुचेल अशा रीतीनं लिहिणं, यालाच वाचनीयता म्हणायचं.

मग हा काच नाही का?

आक्षेपाचीही बाजू ऐकली पाहिजे. वाचनीयतेच्या नावाखाली पुष्कळ वेळा निव्वळ आवडनिवड लादली जाते. लिनक्समध्ये एका ओळीत ८० अक्षरं हा संकेत होता. त्याचं मूळ शोधत गेलं तर आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डापर्यंत पोचतं! २०२० मध्ये तपासणीच्या साधनातली ही मर्यादा १०० वर नेली. म्हणजे काही नियम सवयीचेच असतात.

पण मांडणीला अगदीच अर्थ नाही, असंही नाही. २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती. समास असा सोडलेला, की ती अटीच्या आत आहे असं वाटावं. प्रत्यक्षात ती बाहेर होती आणि पुढची तपासणीच टळत होती. त्यानंतर २०१६ मध्ये जीसीसी या कंपायलरनं फसव्या समासाबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली. म्हणजे डोळ्यांना चकवणारी मांडणी हाही बिघाडच, हे आता मशीनही सांगतं.

म्हणून आम्ही फरक असा करतो. मशीनला तपासता येतं ते मशीनवर सोडावं. समास, रकाने यांवरून माणसाला छळू नये. रिव्ह्यू करणाऱ्यानं आपला वेळ ‘मला कळलं नाही’ यासाठी राखावा. आणि ते म्हणताना कुठे अडलं तेही सांगावं: या नावावर, या आकड्यावर, या क्रमावर. नुसतं ‘वाचवत नाही’ म्हणणं हा शेरा झाला; त्यावरून नवा माणूस काही शिकत नाही, निघून मात्र जातो.

आणि पाठवणाऱ्यानं काय करावं? पुण्यात, बंगळुरात एम्बेडेड क्षेत्रात काम करणारी बरीच मुलंमुली ही व्याख्यानं ऐकतात, त्यांच्यासाठी सांगतो. ‘कळलं नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच ईमेलमध्ये समजावून सांगू नका. ते स्पष्टीकरण एका माणसापर्यंत पोचेल आणि हरवेल. तेच कोडमध्ये जाईल असं करा: एखादं नाव बदला, दोन ओळींची टिप्पणी लिहा, फंक्शनचे दोन तुकडे करा. त्या एका वाचकाला जे अडलं, ते त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना अडणार आहे.

फ्लॅशचे ब्लॉक झिजतात, चिपची मॉडेलं बंद पडतात, लिहिणारी माणसं नोकऱ्या बदलतात. चिप कशी वागायची, कुठे दगा द्यायची, याची आठवण शेवटी ड्रायव्हरमध्येच राहते. ती आठवण वाचता येईल अशी ठेवणं, हे रिव्ह्यूचं काम आहे.

आज इथेच थांबू.